पंचामृताचा गंज

“घ्या तुमची लक्ष्मी परत. रांडव हाये ही!”

बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात, भर बाजाराच्या दिवशी, शालिग्राम शेठच्या पेढीवर मनकर्णाबाईनं चांदीचा रुपया असा आपटला की तो गादीवरून उडून तराजूच्या पारड्यात जाऊन पडला. पेढीवरची गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. शेठनं तोंडात घालायला उचललेलं पान तसंच हातात धरून ठेवलं.

रुपया म्हणजे बाजारात चालतो तो नव्हे. एका अंगाला कमळात बसलेली लक्ष्मी, दुसऱ्या अंगाला स्वस्तिक, असा पूजेचा रुपया. दिवाळीला लोक तो देव्हाऱ्यात ठेवायला नेत, आणि तुळशीचं लग्न लागून लग्नाचे दिवस सुरू झाले की नवरीच्या ओटीत घालत. मनकर्णाबाई खकनारकडची, केळीच्या बागांवर बाप्यांच्या बरोबरीनं राबणारी बाई. तिच्या पोरीच्या साखरपुड्यात हा रुपया ओटीत पडला. नवरदेवाच्या आत्यानं तो उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि भरल्या मांडवात विचारलं, “काय वं विहिणबाई, लक्ष्मीच्या कपाळाले कुंकू नही, गळ्यात पोत नही. असला आशीर्वाद देता का आमच्या सुनेले?”

“लगन मोडता मोडता राह्यलं, शेठ,” मनकर्णाबाई म्हणाली. “पोरगी तिथंच रडाले लागली. मी दागिना तुमच्याकडून नेते तो काय असल्यासाठी नेते?”

पेढीच्या मागच्या पडवीत, रुपये दाबायच्या पेचाच्या यंत्राजवळ, कोकिळा उभी होती. तिला रुपया पाहायची गरज नव्हती. कुंकू नाही हे तिला दिवाळीच्या आधीपासून ठाऊक होतं. ते तिच्याच हातानं गेलं होतं.

कसं गेलं, ते आता नीट ऐकून घ्या. कारण बऱ्हाणपुरात त्या आठवड्यात ते कोणीच नीट ऐकून घेतलं नाही.

कोकिळेचा सासरा चुडामण हा ठसेकार. एका संस्थानाच्या टांकसाळीत त्याची हयात गेली. पोलादाच्या तोंडावर उलटं चित्र खोदायचं, ते पोलाद तापवून पाणी देऊन कडक करायचं, त्याच्यावर चांदी दाबायची, की चित्र सुलटं उमटतं. मग विलीनीकरण झालं. राजाला सालाचा तनखा बांधून मिळाला. महाल राहिला, मोटारी राहिल्या, शिकारीच्या बंदुकासुद्धा राहिल्या. टांकसाळीला कुलूप लागलं, आणि आत राबणाऱ्यांना सांगितलं गेलं की देश एक झाला, आनंद करा. चुडामणनं आनंद केला. मग बैलगाडीत खोदायची कलमं, ठोकायचे सुंभे आणि विधवा सून घालून तो बऱ्हाणपुरात बापाच्या घरी येऊन राहिला. पोरगा टांकसाळ बंद व्हायच्या आधीच तापानं गेला होता. पोराच्या मागोमाग चुडामणच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. तेव्हा पोराची जागा कोणी घेतली? सुनेनं. कोणी तिला बसवलं नाही, कोणी गंडा बांधला नाही. सासऱ्याला रेघ दिसेना म्हणून ती “मामंजी, इकडं द्या” म्हणाली आणि बसली. बस.

ठशाचं सगळं उलटं असतं हे ती पहिल्यांदा शिकली. ठशात जे खोल, ते नाण्यावर उंच. ठशाला बारीक ओरखडा गेला तर नाण्यावर केसाएवढी रेघ उभी राहते. ठशाला तडा गेला तर नाण्यावर शीर फुगल्यासारखी येते. आणि ठशाला गंज चढून खड्डे पडले, तर प्रत्येक खड्ड्याची नाण्यावर पुळी होते. म्हणून काम संपलं की ठसा पुसायचा, तेल लावायचं, मेणकापडात गुंडाळायचा. टांकसाळीत ठशाला तान्ह्या पोरासारखं जपत, असं चुडामण सांगायचा. फक्त अंघोळ घालत नसत.

हा लक्ष्मीचा ठसा चुडामणनं होत्या नव्हत्या नजरेनं खोदला. शेवटचा चांगला ठसा. अक्षय्य तृतीयेला पहिले रुपये निघाले, गिऱ्हाईक खूश, शेठ खूश. आणि शेठनं ठसा स्वतःकडे ठेवून घेतला. “भरवसा हाये हो तुमच्यावर, लेकिन आपली वस्तू आपल्या घरात बरी.” म्हणजे भरवसा नव्हता. कारागिरानं घरी बसून चार रुपये दाबून विकले तर, ही भीती. चुडामणनं एवढंच सांगितलं, तेल पुसू नका.

शेठच्या तिजोरीत तो ठसा शेठच्या आईनं, धुरपदाबाईनं, पाहिला. पोलादात लक्ष्मी! श्रावण तोंडावर आलेला. तिनं ठसा उचलून देवघरात नेऊन ठेवला आणि अख्खा श्रावण त्याला पंचामृतानं न्हाऊ घातलं. दूध, दही, मध, मग तापीचं पाणी, मग गंध, हळद, कुंकू, फूल. तेल तर पहिल्याच दिवशी राखेनं घासून काढलं, चिकट वाटलं म्हणून. श्रावण संपला तरी म्हातारीचं मन भरेना. पितृपक्ष संपला आणि दिवाळीच्या मालासाठी ठसा परत यंत्राकडे आला, तेव्हा कोकिळेनं फडकं सोडलं आणि तिला आधी वास आला. आंबट. हळदीची खपली नखानं काढली, तर खाली तांबडा गंज.

पहिला रुपया दाबला. लक्ष्मीच्या तोंडावर गालभर पुळ्या.

“ही काय देवी आलेली लक्ष्मी विकू का मी?” शेठ ओरडला. “घासा!”

“शेठ, ठसा नवा खोदावा लागीन,” चुडामण म्हणाला. “घासून खड्डे जातीन, पण वरचं बारीक कामबी जाईन.”

“दिवाळी काय तुमच्यासाठी थांबणार हाये? घासा म्हणतो ना.”

कोकिळेनं घासला. बाभळीच्या काडीचं टोक, तेल आणि कुरुंदाच्या दगडाची पूड. ठशात लक्ष्मीचं कपाळ खळग्यात होतं, आणि त्या खळग्यात कुंकवाची टिकली अजून थोडी खोल. कपाळ घासलं जाऊन खड्ड्यांच्या तळापर्यंत आलं, तशी टिकली उथळ होत होत नाहीशी झाली. गळ्याची पोतसुद्धा. तिच्या हाताला ते समजत होतं. ती थांबलीसुद्धा. तिनं रुपया दाबून सासऱ्याला दाखवला, सासऱ्यानं चाचपला आणि शेठला दाखवला. शेठ काय म्हणाला? “गोरीपान दिसते. एवढं कोण पाहतं?”

ते आता मनकर्णाबाईच्या विहिणीच्या नणंदेनं, नवरदेवाच्या त्या आत्यानं, पाहिलं होतं.

आणि आता शेठ, तोच शेठ, पान खाली ठेवून चुडामणकडे वळला होता. “मिस्त्री, हे काय? या ठशावर शेवटचा हात कोणाचा फिरला?”

चुडामण यंत्राच्या दांड्याला धरून उभा. मुनीमच बोलला, “सून बसते ना यांची. तीच घासते सगळं.”

“कोण, ती विधवा?” पेढीवरून कोणी तरी म्हणालं. आणि बघता बघता सगळ्या पेढीला सगळं कळलं. लोकांना समजून घ्यायला किती वेळ लागतो, पण असलं काही कळायला अजिबात लागत नाही. विधवेचा हात लागला, म्हणून लक्ष्मीचं कुंकू पुसलं गेलं. झालं! गंज नाही, कुरुंद नाही, “घासा” म्हणणारा नाही. ज्यांनी कधी ठसा डोळ्यांनी पाहिला नव्हता ते माना डोलावत होते.

शेठनं मनकर्णाबाईला हात जोडले. “बाई, माझी चूक एवढीच की घरात कोण काम करतं ते मी पाहिलं नही. उद्यापासून त्या बाईचा हात माझ्या मालाले लागणार नही.”

कोकिळा पडवीतून हे ऐकत होती. सासऱ्याकडे पाहत होती. सासरा खाली पाहत होता.

तो हात लागणार नाही म्हणजे काय, ते तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. चुडामणला एकट्याला आता रेघ दिसत नव्हती. ती उठली की त्याचं कामही उठलं. मग तिला इच्छापूरला भावाकडे जाऊन भावजयीच्या चुलीपुढे बसावं लागलं असतं, जेवण वाढताना “बस झालं का वं?” हे दोनदा ऐकत, मरेपर्यंत. देवीच्या जत्रेला माहेरी जाणं वेगळं आणि हे जाणं वेगळं. तिला कलम हातात धरायचं होतं. पोटासाठी तर होतंच, पण नुसतं पोटासाठीही नव्हतं. कपाळ पुसल्यावर तिच्या हातांना दिलेलं हे एकच काम होतं जे करताना तिला कोणाची कीव सोसावी लागत नव्हती.

घरी आल्यावर तिनं सासऱ्याला पाणी दिलं आणि समोर उभी राहिली.

“मामंजी, तुम्ही कायले नही बोलले?”

“काय बोलू?”

“शेठनं घासाले लावलं म्हणून. तुम्ही नको म्हणत होते म्हणून.”

“चार लोकांत त्याले खोटं पाडू? मग उद्या काम कोण देईन?” चुडामणनं पाणी न पिता तांब्या खाली ठेवला. “थोडे दिवस तू मागं राय. मी बसतो. रात गेली की बात जाते लोकांची.”

“तुम्ही बसता? परवा भाकरीत खडा आला तो दिसला नही तुम्हाले.”

त्यानं तांब्या बाजूला सरकवला. मग एकदम म्हणाला, “राजासमोरबी मी कधी नही बोललो, पोरी. टांकसाळ बंद केली त्या दिवशी साहेबानं विचारलं, कोणाले काही म्हणायचं हाये का. सगळे माझ्याकडं पाहत होते. मीच म्हातारा. मी नही बोललो.”

त्याची दया आली तिला. आणि चीडही आली. दोन्ही एकाच वेळी आल्या की माणूस भांडी जोरात घासतं. तिनं भांडी घासली.

सकाळी ती शेठच्या वाड्याच्या मागच्या दारानं आत गेली. धुरपदाबाई देवघरात बसली होती. पांढरं लुगडं, रिकामं कपाळ. हो, तीसुद्धा विधवाच. पण मालकाची आई असली की लोकांना ते कपाळ दिसत नाही. पैशाचा तेवढा उपयोग असतो.

“कोण वं? चुडामणची सून का? भाहेर थांब. सोवळ्यात हाये मी.”

“भाहेरच हाये, माय.” कोकिळा उंबऱ्याशी बसली. पदरातून तिनं घासल्यावर दाबलेला नमुन्याचा रुपया काढून उंबऱ्यावर ठेवला. “ही पाहा.”

म्हातारीनं हात लांब करून रुपया घेतला आणि बोटानं तोंड चाचपलं. “माझी लक्ष्मी. पण हिचं कुंकू कुठं हाये?”

“गेलं. तुम्ही न्हाऊ घातलं त्यानं गंज चढला, आणि गंज घासताना गेलं.”

“काय बोलते! पंचामृतानं कधी गंज चढते का?”

“लोखंडाले चढते, माय. दही आंबट असते. पितळेच्या बाळकृष्णाले चालते, पोलादाले नही चालत.”

धुरपदाबाईनं रुपयावरच्या तोंडावरून पुन्हा बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, “तिचं तोंड खोल व्हतं ना ठशात? त्याच्यात पाणी साचायचं. मी तेच तीर्थ घ्यायची. रोज. असं वाटे, की तिच्याच तोंडचं पाणी पितो आपण.” तिनं रुपया मुठीत धरला. “म्हणजे मी पाप केलं का वं?”

कोकिळा भांडायला आली होती. रात्रभर तिनं शब्द घासून ठेवले होते. पण समोर ही म्हातारी, अख्खा श्रावण एकटीनं लोखंडाशी बोलत बसलेली. या घरात हिच्याशी तरी कोण बोलत असेल?

“पाप कायचं? माया केली तुम्ही. तेल लावलं असतं तर तीच माया बरी झाली असती.”

“मग तू आली कायले?”

“तुमचा लेक म्हणतो, माझा हात लागला म्हणून कुंकू गेलं. विधवेचा हात. उद्यापासून ठशाले शिवू नको म्हणतो.”

“लोक तसंच म्हणतात, पोरी.”

“म्हणतात ना. मग अख्खा श्रावण हात कोणाचा लागत व्हता, माय?”

शब्द निघून गेला आणि कोकिळेला वाटलं, आता ही तांब्या फेकून मारते. देवघरात समई तडतडली. धुरपदाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं मान खाली घातली. मग म्हातारीनं गुडघ्यावर हात टेकला.

“उठव मले.”

“सोवळ्यात हाये ना तुम्ही?”

“उठव म्हणते ना, भवाने!”

धुरपदाबाई पेढीवर आली ती कोकिळेच्या खांद्याला धरून. नवरा गेल्यापासून ती कधी पेढीवर आली नव्हती. मुनीम उठून उभा राहिला. शेठ म्हणाला, “आई, इथं कायले? आत जा, गिऱ्हाइकं हायेत.”

“गिऱ्हाइकांसाठीच आली. सरक.” तिनं गादीवर बूड टेकलं. मनकर्णाबाई दुसऱ्या रुपयासाठी सकाळीच येऊन बसली होती, तिच्याकडे ती वळली. “बाई, तुझ्या लक्ष्मीचं कुंकू म्या घालवलं. ठसा देवात ठेवला आणि रोज धुतला. गंज धरला त्यानं. ही पोरगी गंज काढत व्हती. घास कोणी म्हटलं, ते याले विचार.”

शेठ लालेलाल. “आई, चार लोकांत...”

“चार लोकांतच तिले बोलला ना तू? मग चार लोकांतच ऐक. मीबी रांडवच हाये, शालिग्राम. तुझ्या तिजोरीची पूजा दर दिवाळीले माझ्या हातानं होते. तेव्हा नही बाटली तुझी लक्ष्मी?”

कोणी हसलं नाही. शेठ देवभोळा होता, आईला भिणारा होता, आणि त्याहून जास्त गिऱ्हाइकाला भिणारा. त्यानं मनकर्णाबाईकडे पाहिलं. खरा निकाल तिथंच व्हायचा होता.

मनकर्णाबाई कोकिळेला खालून वर न्याहाळत होती. “तुले येते का वं कुंकू काढाले? पुन्हा?”

“येते.”

“तुझ्याच हातानं?”

“माझ्याच. मामंजींचे डोळे गेले. दुसरं कोणी हाये का बऱ्हाणपुरात ठसा खोदणारं, तर त्याले बोलवा. मी उठते.”

मनकर्णाबाईनं पदर सावरला. पोरीचं लग्न तिच्या डोळ्यांपुढे होतं. विहीण, विहिणीची नणंद, सगळा मांडव. तिनं मोठा श्वास सोडला. “मग मोठं काढ. मांडवाच्या दुसऱ्या टोकाहून त्या बयेले दिसलं पाह्यजे.”

आता म्हातारी खुदकन हसली. शेठनं घाम पुसला आणि लगेच व्यवहारात शिरला, “ठीक हाये, ठीक हाये. मागं पडवीत बसून काम करू दे तिले. उगा समोर नको.”

“मागं अंधार हाये,” कोकिळा म्हणाली. “मी इथं ओट्यावर बसणार. उजेडात.”

“लोक पाहतीन.”

“पाहू द्या.”

त्या दिवशी चुडामणनं ठसा भट्टीत लाल केला आणि राखेत पुरून हळूहळू निवू दिला, कारण कडक पोलादावर कलम चालत नाही. ते सगळं त्यानं स्वतः केलं. तापलेल्या लोखंडाचा रंग त्याला अजून दिसत होता. ठसा राखेतून काढताना तो म्हणाला, “मी येतो संगं.” आणि तो आला.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर गर्दी. बाजार नव्हता तरी गर्दी. विधवा लक्ष्मीला कुंकू लावणार म्हटल्यावर इतवाऱ्यातल्या रिकाम्या माणसांना दुसरं काम काय? पानवाल्यानं दुकान पोरावर टाकलं. दोन मास्तर छत्र्या टेकून उभे. कोकिळेनं लाकडावरच्या लाखेच्या गोळ्यात ठसा बसवला, पायाच्या अंगठ्यानं लाकूड दाबलं आणि मान वाकवली. चुडामण तिच्या उजव्या अंगाला बसला, आणि उन्हाची तिरीप ठशावर पडावी म्हणून आरसा धरून राहिला. त्याला ठशातलं काही दिसत नव्हतं. “डावीकडं, मामंजी. अजून थोडा. बस.”

“ए मिस्त्री,” गर्दीतून आवाज आला, “सुनेच्या हाताखाली लागला का?”

लोक हसले. कोकिळेचं कलम थांबलं. तिला वाटलं, आता आरसा खाली येतो. टांकसाळीत नाही बोलला, पेढीवर नाही बोलला, हा माणूस आता उठून घरी जातो.

आरसा हलला नाही.

“हो,” चुडामण मोठ्यानं म्हणाला. त्याचा आवाज इतका मोठा आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. “ठसेकार हीच हाये. मी आरसा धरतो. तुले काही म्हणायचं हाये?”

ज्यानं विचारलं होतं त्याला काही म्हणायचं नव्हतं. पण शेठला होतं. तो कडेनं वाकून, “टिकली जरा मधोमध... आणि पोत जाड नको, चांदी जास्त...” असं काही तरी सुरू करत होता. मनकर्णाबाई त्याच्या अंगावर, “मोठी म्हटलं ना मी!” आतून धुरपदाबाई, “काय झालं वं, काढलं का?” मुनीम, मास्तर, पानवाला, सगळे एकदम बोलायला लागले.

कोकिळेनं सुंभ्याचं टोक लक्ष्मीच्या कपाळावर टेकवलं, हातोडी उचलली, आणि मान वर न करता म्हणाली,

“आता कोणी बोलू नका. हात हलला तर नाक जाईन.”

सगळा इतवारा गप्प उभा राहिला.